मदत हवी आहे : 'पूर्वग्रह' जपानीत नेमका कसा सांगायचा?

नमस्कार मंडळी. मी तोक्योत निशी-कासाईला राहतो. इथल्या जपानी वर्गात पाच मिनिटांचं भाषण द्यायचंय, विषय घेतलाय भाड्याचं घर. एजंट आपल्यासमोरच मालकाला फोन लावतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, "गाइकोकुजिन नो काता नान् देस गा..." (परदेशी आहेत, पण...). पुढचं उत्तर त्याच्या चेहऱ्यावरच कळतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी न्याय मंत्रालयाच्या पाहणीतही घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी सुमारे 39 टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं.

शब्दकोशात 'हेनकेन' सापडला. पण मालकाच्या मनात दरवेळी अढीच असते असं नाही. कचऱ्याचं वर्गीकरण यांना जमणार नाही, असा नुसता समजही असतो. दोन्हीला एकच शब्द चालेल का? आणि आपलं 'झुकतं माप'?

उत्तर १
नाही चालणार. 'हेनकेन'मध्ये आकस आहे. 'हेनकेन ओ मोत्तेइरु' (मनात पूर्वग्रह आहे) असं तोंडावर म्हटलंत तर थेट आरोप होतो. कचऱ्यावाल्या मालकाला 'ओमोइकोमि' (पक्का करून घेतलेला समज) किंवा 'सेन्न्यूकान' (आधीच मनात शिरलेलं मत) पुरे. घर नाकारलं की मात्र ते 'साबेत्सु', भेदभाव. मनातलं हेनकेन, कृतीतलं साबेत्सु. कुष्ठरुग्णांवरच्या अन्यायाबद्दल सरकारी पत्रकांत हे दोन शब्द जोडीनेच येतात.

झुकत्या मापाला 'एकोहीइकी', पण तो शाळेतल्या लाडक्या विद्यार्थ्याच्या तक्रारीत शोभतो. आकडेवारीतला कल म्हणजे 'कातायोरि'. 'बाइआसु'ही (इंग्रजी 'बायस') हल्ली सर्रास चालतो, विशेषतः ऑफिसच्या प्रशिक्षणांत.

उत्तर २
'इरोमेगाने दे मिरु' घ्याच! रंगीत चष्म्यातून पाहणे, अगदी आपल्यासारखंच. भाषणात उठून दिसेल. शेवटी 'गाइकोकुजिन दा तो इउ दाके दे किमेत्सुकेनाइदे होशीई' म्हणा: केवळ परदेशी म्हणून आधीच ठरवून टाकू नका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ऐकायला घरमालकांच्याच वयाचे आजी-आजोबा असतील. 'होशीई' जरा उद्धट नाही ना वाटणार?

उत्तर २
त्यांच्यासमोर थोडं थेट वाटेल खरं. मग असं करा: 'किमेत्सुकेझु नि, माझु आत्ते मिते इतादाकेतारा उरेशीई देस.' म्हणजे, ठरवून न टाकता आधी एकदा भेटून पाहिलंत तर आनंद होईल.