मदत हवी आहे: दामाजीपंतांची गोष्ट पर्यायांच्या कथेत लिहितोय. शेवट सगळ्यांना माहीत असताना वाचकाने निवडायचं काय?

बोरू_कळवा

नमस्कार मंडळी. ट्वाइनमध्ये (लिंकांनी जोडलेल्या गोष्टी बनवायचं सॉफ्टवेअर, त्यातला फॉरमॅट शुगरक्यूब) मराठी पर्यायकथा लिहितोय, म्हणजे पुढे काय करायचं ते वाचक निवडतो. विषय मंगळवेढ्याचे दामाजीपंत: दुष्काळात सरकारी कोठार लुटवलं, बेदरच्या बादशहाने पकडून आणायला माणसं धाडली, आणि त्याआधीच विठू महाराच्या रूपात विठोबाने दरबारात जाऊन धान्याचे पैसे भरले. वाचक मोबाइलवर वाचणार. ठाणे ते वाशी लोकलमध्ये एक खेळ संपावा एवढी लांबी हवी, म्हणजे साधारण अर्धा तास.

अडचणी अशा:

१. प्रत्येक ठिकाणी तीन पर्याय दिले. चार पायऱ्यांत १२१ परिच्छेद (ट्वाइनमधली एकेक पानं) झाले आणि गोष्ट अजून मंगळवेढ्याच्या वेशीबाहेर पडलेली नाही.

२. वाचक दामाजीपंत आहे. ज्यांनी वाचून पाहिलं त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच: "देव येणारच आहे, मग मी काहीही निवडलं तरी काय फरक?" उत्तर सुचत नाही.

३. "तू कोठाराकडे गेलास" लिहिलं की वाचणाऱ्या बाईला खटकतं. प्रत्येक क्रियापदाला दोन रूपं ठेवून कंटाळलो.

४. काही लिंका तुटतात. नाव तेच दिसतं, पण दाबल्यावर कोरं पान.

घोडबंदर_लेन

पहिल्याचं उत्तर निव्वळ गणित आहे. १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१. तुम्ही झाड पूर्ण वाढवलंय. अजून दोन पायऱ्या अशाच चढलात तर १०९३ परिच्छेद लिहावे लागतील आणि वाचक त्यातले फक्त सात वाचेल.

वारीचा आराखडा घ्या. पालख्या वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या रस्त्यांनी येतात, पण पंढरपूरच्या आधी वाखरीला भेटतात. गोष्टीत अशा सहा वाखऱ्या ठरवा. एका टप्प्यात: एक प्रवेशाचा परिच्छेद, तीन पर्यायांचे तीन, आणि एक संगमाचा. पाच झाले. सहा टप्प्यांचे तीस, वर चार शेवट, एकूण ३४. एका खेळात वाचकाला दिसतील १९. प्रत्येकी दीडशे शब्द धरले तर साधारण २८५० शब्द. विचार करायला, मागचं पुन्हा वाचायला वेळ सोडून वाशी येईपर्यंत आरामात होतं. हातातल्या १२१ पैकी निम्मे तरी टाकावे लागतील. वाईट वाटेल, पण टाका.

बहुतेकांची चूक संगमाच्या परिच्छेदात होते. तो सगळ्यांसाठी एकच मजकूर असेल तर आपण काय निवडलं ते गोष्ट विसरली, हे वाचकाला लगेच कळतं. म्हणून प्रत्येक संगमात निदान एक वाक्य आधीच्या निवडीवर बदलणारं ठेवा. पंढरपूरच्या ब्राह्मणाला रात्री धान्य दिलं असेल तर सकाळी कोठाराच्या पायरीवर सांडलेले ज्वारीचे दाणे. दिलं नसेल तर पायरी झाडलेली. एवढं पुरतं.

तुर्भे_जंक्शन

दुसरा प्रश्न खरा प्रश्न आहे. बाकीचे तांत्रिक आहेत.

वाचक म्हणून दामाजीपंत देणं हीच चूक. या कथेत ज्याचं भलं होणार हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे असा एकच माणूस आहे, आणि तुम्ही नेमका तोच वाचकाला दिलात. चमत्कार काढू नका. तो काढला तर ही दामाजीपंतांची गोष्ट उरत नाही, साधी अफरातफर उरते. चमत्कार कथेत जिथे आहे तिथेच ठेवा, बेदरला. वाचकाला ठेवा मंगळवेढ्यात.

महिपतींच्या भक्तिविजयात (शके १६८४, म्हणजे १७६२) आलेली कथा नीट पाहा. देव भरतो ते पैसे. धान्य कोणाला मिळालं, कोणाच्या वाट्याला आलं नाही, कोणाचं नाव वहीत चढलं, याचा निर्णय देव करत नाही. ती सगळी जागा तुमची.

म्हणून वाचकाला कोठाराचा कारकून करा. मुख्य निवड "कोठार उघडायचं का" ही नकोच, ते उघडणारच. निवड अशी: वहीत काय लिहायचं? नावं लिहिली तर हिशेब चोख, पण बेदरची माणसं आली की त्यांच्या हातात यादी. नावं न लिहिता नुसता आकडा लिहिला तर लोक वाचतात, दामाजींवर संशय वाढतो. काहीच न लिहिलं तर वाटपात हात मारणाऱ्यालाही मोकळं रान. कथेत दामाजींच्याच हाताखालच्या माणसाचं चुगलीचं पत्र बेदरला जातं. ते पत्र नेणारा जासूद वाटेत पाणी मागायला कोठारापाशी थांबला, तर? बेदर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या वर, पायी आठ-दहा दिवस. ते दिवस हेच तुमचं घड्याळ.

पावती शेवटी दामाजींच्या गीतेच्या पोथीत सापडते. ती सापडू द्या. तिच्यामुळे बादशहाचा खजिना जुळतो, कारकुनाची वही जुळत नाही. चार शेवट त्या वहीचे करा.

शिळफाटा

तुर्भे_जंक्शन यांच्याशी निम्मा सहमत. कारकून चालेल, पण त्याहून टोकदार जागा वेसकराची आहे.

मंगळवेढ्याच्या वेशीवरचा महार. रात्रभर वेशीवर उभा. काही दिवसांनी बेदरहून येणारे सांगतात, तुमच्या गावच्या विठू महाराने दरबारात थैली ओतली, ओतली तरी रिकामी होईना, बादशहा थक्क झाला. आता गावात विचारणा: "कोण रे हा विठू?" वेसकराला पक्कं माहीत, इथून कोणी गेलेलं नाही. त्याने सांगायचं काय? खरं सांगितलं तर पावती खोटी ठरेल आणि दामाजी अडकतील. गप्प बसला तर दरबारात मान मिळालेल्या नावाचा गावात अजूनही वेशीबाहेर मुक्काम. ही निवड चमत्कारामुळेच तयार होते, त्याला डावलून नाही.

याच मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना दरड कोसळून चोखोबा गेले, १३३८ मध्ये. दामाजीपंतांचा म्हणून सांगतात तो दुष्काळ १४६० चा. मधे सव्वाशे वर्षांच्या आसपास. वेसकराला चोखोबांचे अभंग येत असणं अगदी शक्य आहे. मात्र एक करा: विठू महार हे देवाचं "सोंग" असल्यासारखं लिहू नका. देवाने हेच रूप का घेतलं, हा प्रश्न गोष्टीत कोणीतरी विचारायला हवा, आणि तो विचारणारा वेसकर असेल तर उत्तम.

मात्रावृत्त

क्रमांक ३ साठी दोन रूपं ठेवायची गरज फारच कमी वेळा पडते. मराठीत पळवाटा भरपूर आहेत:

- सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं. "तू कुलूप काढलंस", "तू वही मिटलीस", "तू दिवा विझवलास". कर्ता बाई की पुरुष, काही फरक नाही. "तू कोठाराकडे गेलास"ऐवजी "तू कोठाराची वाट धरलीस".
- "तुम्ही" घेतलंत तर "तुम्ही गेलात", "तुम्ही जाता" दोघांना चालतं. पण सावध: "तुम्ही थकला आहात / थकल्या आहात" इथे लिंग परत डोकावतं. "तुमचे पाय भरून आलेत" लिहा.
- भविष्यकाळ सुरक्षित: "तू जाशील".
- पर्यायांच्या बटणांवर "मी दार उघडतो" नको. "दार उघडायचं", "गप्प राहायचं", "पत्र फोडून पाहायचं". वाचायलाही लहान.

कारकून किंवा वेसकर ठरला तर पात्र पुरुषच आहे, मग "गेलास" लिहिलं तरी बिघडत नाही. अडचण तेव्हाच, जेव्हा वाचक आणि पात्र एक आहेत असं तुम्ही सांगता. तरी वरच्या युक्त्यांनी वाक्यं जास्त मराठी होतात असं माझं मत.

दुसरा खड्डा: व्हेरिएबलला (गोष्ट लक्षात ठेवते त्या नावाला किंवा आकड्याला) प्रत्यय चिकटवणं. नाव "कारकून" साठवलं आणि पुढे "ला" जोडला की छापून येतं "कारकूनला". हवं "कारकुनाला". प्रत्येक नावासाठी सामान्यरूप वेगळं साठवा (कारकुना, वेसकरा, दामाजीं) आणि प्रत्यय त्यालाच जोडा. तसंच आकड्यांचं: "१ पोती उरली" छापून आलेलं पाहिलंय. एकसाठी "पोतं उरलं", पुढे "पोती उरली", अट घालून.

घोडबंदर_लेन

तुटलेल्या लिंका: परिच्छेदांची नावं देवनागरीत ठेवली आहेत ना? मग हेच होणार. "ऱ" हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येतं, किंवा "र" आणि खाली नुक्ता (टिंब) असं दोन चिन्हांनी. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारी जोडचिन्हंही घालतात. ट्वाइनला ते नाव सापडत नाही आणि तो नवा कोरा परिच्छेद तयार करून मोकळा. ट्वाइनच्या नकाशावर प्रत्येक परिच्छेदाचा एक चौकोन असतो, तिथे एकाच नावाचे दोन चौकोन दिसतील. उपाय: परिच्छेदांची नावं रोमन लिपीत आणि आकड्यांत ठेवा, टप्पा-पर्याय अशी. शुगरक्यूबमध्ये व्हेरिएबलची नावंही रोमनमध्येच लागतात. कधी इंककडे (पर्यायकथांची दुसरी लेखनभाषा) वळलात तर तिथेही मजकूर मराठी चालतो, गाठींची (तिथल्या विभागांची) नावं रोमनमध्ये ठेवा.

बोरू_कळवा

खरंच दोन-दोन चौकोन निघाले, सात ठिकाणी. सगळ्यांचे आभार.

कारकूनच घेतोय, वेसकर दुसरं मुख्य पात्र. आता धान्याचा हिशेब. कोठारात ४० खंडी, म्हणजे ८०० मण. वाटप आठ दिवस. रोज ५०, १०० की १५० मण काढायचे ते वाचक ठरवतो. पण सगळे डोळे झाकून १०० निवडतायत. का?

तुर्भे_जंक्शन

कारण शंभर आठे आठशे. मधला पर्याय बरोब्बर पुरतो, म्हणून दुसरं निवडायचं कारणच उरत नाही. कोठार ३५ खंडींचं करा, ७०० मण. आता रोज १०० काढले तर आठव्या दिवशी हात रिकामे, आणि १५० काढले तर पाचव्या दिवशीच कडेलोट. शिवाय भूक एका जागी थांबत नाही. कथेतही एका ब्राह्मणाला दिलेलं धान्य पंढरपुरात लुटलं जातं आणि मग तिथले लोक मंगळवेढ्याला येतात. म्हणजे आज जास्त दिलं की उद्या गर्दी जास्त. "गर्दी" हे दुसरं व्हेरिएबल ठेवा: १५० दिले की १ ने वाढतं, ५० दिले की वेशीवर एक मढं, आणि ते कोणाचं ते नावानिशी सांगा. आकडा पडद्यावर दाखवू नका. "तळाची पेवं दिसायला लागली" एवढं पुरे.

खंडीत २० मण ठीक. खालची मापं गावोगाव वेगळी होती, त्यामुळे शेर-पायलीची बेरीज वाचकाला करायला लावू नका.

शिळफाटा

काळाच्या चुका आत्ताच काढा. मिरची, शेंगदाणा, मका, बटाटा, तंबाखू यातलं काहीही १४६० मध्ये नाही. पोर्तुगीज कालिकतला उतरले तेच १४९८ मध्ये. ठेच्याऐवजी मिरी, भाकरी ज्वारी-बाजरीची, हुलगे आहेत, तूर आहे. "रुपये" नकोत, शेरशहाचा रुपया १५४० च्या दशकातला. होन किंवा टंका लिहा. बादशहाला नाव द्यायचंच असेल तर १४६० मध्ये बेदरला हुमायूनशाह बहमनी होता (१४५८ ते १४६१). दिल्लीच्या हुमायूनशी गल्लत होईल म्हणून मी तरी नुसतं "बादशहा" ठेवेन. आणि हा दुष्काळ १३९६ ला सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाशी मिसळू नका, दोन्ही एकच असल्यासारखं सर्रास लिहितात.

शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) उघडून बसा. ठाण्यातच आहात तर मराठी ग्रंथ संग्रहालयात चक्कर मारा.

मात्रावृत्त

मोबाइलवर दिसण्याबद्दल थोडक्यात. एकेक अक्षर टाइप होत दिसण्याचा इफेक्ट बंद ठेवा. आधी "क" येतो, मग वेलांटी धावत येते. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर १.७ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतील.

घोडबंदर_लेन

तपासणीसाठी: सगळ्या व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमती स्टोरी-इनिटमध्ये (गोष्ट सुरू होण्याआधी आपोआप चालणारा खास परिच्छेद) द्या, पहिल्या प्रसंगात नको. नाहीतर मधूनच "इथून खेळा" केलं की किंमतच नसते आणि चूक दिसते. मग एका कागदावर तक्ता करा: प्रत्येक शेवटाची अट, आणि तिथे पोचणाऱ्या प्रत्येक वाटेवर मिळू शकणारी जास्तीत जास्त किंमत. एका वाटेवर चौथा टप्पा गाळला जातो आणि शेवट मात्र "३ किंवा जास्त" मागतो, म्हणजे तो शेवट कोणालाच दिसत नाही, ही नेहमीची चूक.

ब्राउझरमधलं ट्वाइन वापरत असाल तर गोष्ट ब्राउझरच्याच साठवणीत असते. इतिहास पुसला की गेली. सफारीवर तर सात दिवस न उघडल्यासही जाऊ शकते. रोज संध्याकाळी आर्काइव्ह (गोष्टीची प्रत असलेली फाइल) उतरवून ठेवा.

बोरू_कळवा

आर्काइव्ह आत्ताच उतरवलं. १२१ पैकी ४३ ठेवलेत, त्यातून ३४ करायचेत. वेसकराच्या प्रसंगात "गप्प राहायचं" हा पर्याय सगळ्यात वर ठेवू की सगळ्यात खाली?

शिळफाटा

खाली. वरचा पर्याय घाईत दाबला जातो.