सगळ्या चाव्या हरवल्यावर घरच्या घरी इमोबिलायझर? 'कोणालाही जमेल' म्हणणाऱ्यांसाठी

वागळेचा_वायरमन (धागाकर्ता)

परवा इथल्याच एका सदस्याने लिहिलं होतं: 'दोन्ही चाव्या हरवल्या. शोरूमने २२ हजार सांगितले. मी दीडेक हजाराचा प्रोग्रामर मागवला, डॅशखालचा डबा काढला, चिप वाचली, लिहिली, गाडी सुरू. कोणालाही जमेल, शोरूमच्या नादी लागू नका.' खाली टाळ्यांचा कडकडाट. तिथे दोन ओळींत भागेना म्हणून हा वेगळा धागा. (नवख्यांसाठी: इमोबिलायझर म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. तो डबा तिचाच, चाव्यांच्या नोंदी त्यातल्या मेमरी चिपमध्ये असतात, आणि प्रोग्रामर म्हणजे ती चिप वाचायचं-लिहायचं यंत्र.)

माझं वागळे इस्टेटला गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे. 'कोणालाही जमेल'वाल्यांच्या गाड्या शेवटी क्रेनवरून माझ्याकडेच येतात, म्हणजे धंद्याच्या हिशोबाने मी गप्पच बसायला हवं. पण डोकं फिरलं.

एक चावी हातात असताना दुसरी बनवणं वेगळं आणि सगळ्याच गेल्यावर बनवणं वेगळं. एक असेल तर तिच्या भरवशावर दुसरी शिकवता येते. काही जुन्या फोर्डना दोन चालू चाव्या दाखवल्या की तिसरी मालकच शिकवतो, यंत्रसुद्धा लागत नाही. सगळ्या गेल्या की मात्र एकतर कंपनीकडून त्या गाडीचा पिन, म्हणजे नवी चावी नोंदवायचा गुप्त कोड, मिळवायचा, नाहीतर इमोबिलायझरच्या मेमरीत हात घालायचा. या गृहस्थांनी दुसरं केलं. जमलं. अभिनंदन.

आता त्यांनी जे लिहिलं नाही ते. मेमरीत नव्या चावीची भर घातली, ठीक. जुन्या दोन उडवल्या का? अवाक्षर नाही. कंपनीच्या पद्धतीत बहुतेक गाड्यांत आधीच्या सगळ्या नोंदी पुसतात आणि समोर आणलेल्या चाव्याच परत नोंदवतात. इथे तसं केलं नसेल, तर कुठेतरी पडलेली ती चावी आजही गाडी सुरू करेल. दार उघडेल ते वेगळंच, कारण कुलूप बदललेलं नाही. शिवाय पोस्टमध्ये गाडीचा फोटो, मागे सोसायटीची पाटी, आणि 'चाव्या सीवूड्स स्टेशनजवळ पडल्या असाव्यात' हेही. धन्य.

दुसरं, चिप बोर्डावर असतानाच क्लिप लावून वाचली की प्रोग्रामरचा करंट अख्ख्या बोर्डात शिरतो, शेजारचा प्रोसेसर जागा होतो आणि तोही चिपशी बोलायला लागतो. तुम्हाला मिळतो कचरा. तोच 'बॅकअप' म्हणून सेव्ह करायचा आणि त्यावर लिहून टाकायचं. मग परतीची वाट बंद. आणि तो काळा स्वस्त प्रोग्रामर ३.३ व्होल्टच्या चिपला डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट देतो, हेही कोणी सांगत नाही.

पामबीच_पक्या

मीच तो गृहस्थ. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

१) चिप क्लिप लावून वाचली नाही. हॉट एअरने काढली, वेगळ्या सॉकेटवर वाचली, फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या. पोस्टमध्ये प्रत्येक पायरी लिहिली नाही कारण मी क्लास काढलेला नाही.

२) ३.३ व्होल्टचं भय दाखवलंत. माझ्या डब्यातली चिप ५ व्होल्टवरच चालणारी आहे, जुन्या डब्यांत बहुतेक तशाच असतात. ती भानगड कॉम्प्युटरच्या बायोस चिपची. वायरमनसाहेब, अर्धी माहिती तुम्हीही देताय.

३) शोरूमवाल्यांनी काय केलं तेही ऐका. आधी म्हणाले गाडी इथे आणा. बंद गाडी, स्टिअरिंग लॉक झालेलं, ती आणू कशी? मग म्हणाले आरसी, आधार, पोलिसांकडची हरवल्याची नोंद द्या, चावी चेसिस नंबरवरून मागवू, कधी येईल सांगता येत नाही. आणि 'इमोबिलायझर सेट बदलावा लागेल' असं एस्टिमेट. का बदलावा लागेल विचारलं तर समोरचा मुलगा स्क्रीनकडे बघत बसला. डबा ठणठणीत होता. चालू वस्तू फेकायला लावून २२ हजार घेणं म्हणजे सेवा का?

चहा_कमी_साखर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

कायद्याचं_बोला

पक्यांचा मुद्दा एका माणसाच्या रागाचा नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं, सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत. कंपन्या लगेच कोर्टात गेल्या. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही आलं, त्यात वाहनं हा एक विभाग आहे. तरी आज कोपरखैरण्यातल्या साध्या मेकॅनिकला स्वतःच्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा पिन सरळ मार्गाने मिळतो का? मग लोक आडमार्गाने जाणारच.

वागळेचा_वायरमन

पक्या, ५ व्होल्टचं बरोबर. तुमच्या चिपपुरतं. पण लोक तुमची पोस्ट वाचून आपल्या गाडीत काय आहे ते न बघता सुरू होतात, माझं भांडण त्याच्याशी. आणि पहिल्या प्रश्नाला बगल दिलीत. जुन्या चाव्या उडवल्या का?

कायद्याचं_बोला, मी शोरूमचा वकील नाही. त्यांच्या एस्टिमेटवर मीही कपाळ बडवतो.

नौपाडा_काकू

मला ते व्होल्टबिल्ट कळत नाही. पण विम्याचं कोणी बोललं का? आमच्या ओळखीत एकांची गाडी चोरीला गेली. विमा कंपनीने पहिलं काय मागितलं? दोन्ही मूळ चाव्या. यांच्याकडे एकच, दुसरी कुठे गेली त्याचा कागद नाही. इतके हेलपाटे, इतके खुलासे, की गाडी गेल्याचं दुःख राहिलं बाजूला. हरवल्याची नोंद पोलिसांच्या साइटवर घरबसल्या होते, तेवढी तरी करा. आणि पॉलिसी घेताना चावीचं वेगळं कव्हर मिळतं, ते कोणी बघत नाही. एजंट सांगत नाही.

आमच्या ह्यांनी नवी गाडी आल्यावर दोन्ही चाव्या एकाच रिंगमध्ये अडकवल्या होत्या. 'म्हणजे हरवणार नाहीत!' मी दुसरी काढून देवघराच्या ड्रॉवरमध्ये टाकली. ते अजून रागावलेले आहेत.

खालचा_प्लॅटफॉर्म

तुमचं इमोबिलायझर राहू द्या हो, आमच्यासारख्यांचं ऐका. घोडबंदरला टॉवरमध्ये राहतो. बिल्डरने स्टॅक पार्किंग दिलंय, खाली एक गाडी, वर एक. खालची बाहेर निघाल्याशिवाय वरची खाली येत नाही. माझी वर. खालच्या महाशयांनी चावी हरवली. ऑटोमॅटिक गाडी, गिअर 'पी'मध्ये, स्टिअरिंग लॉक. हलेना, डुलेना. क्रेनवाला म्हणाला बेसमेंटची उंची कमी, क्रेन आत येणार नाही. लॅपटॉप घेऊन फिरणारा एक चावीवाला मिळाला, तर सेक्रेटरींनी गेटवर अडवला: बाहेरच्या मेकॅनिकला सोसायटीत परवानगी नाही! तोपर्यंत माझी गाडी टांगलेली आणि मी रिक्षाने ठाणे स्टेशन. रिक्षाचे पैसे कोण देणार? कोणी नाही.

मॅनेजिंग_कमिटी

मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे (तुमच्या नाही), म्हणून लिहितो. बाहेरच्या माणसाला बेसमेंटमध्ये गाडी उघडू द्यायची, आणि उद्या दुसऱ्या सदस्याची गाडी गेली की जाब आम्हाला. तो चावीवाला मालकाने बोलावलाय की चोराने, वॉचमनने कसं ओळखायचं? आरसी आणि मालक दोघे हजर असतील तर आम्ही सोडतो. रात्री दहाला फोन करून 'सोडा त्याला आत' म्हणायचं, ही पद्धत नव्हे.

खालचा_प्लॅटफॉर्म

मालक तिथेच उभा होता! आरसी मोबाइलवर होती! तरी 'कमिटीत ठराव नाही'. ठराव!

मॅनेजिंग_कमिटी

मग चूक तुमच्या कमिटीची. सगळ्या सेक्रेटरींना एका माळेत ओवू नका. आणि वरची जागा तुम्ही पैसे वाचवायला घेतलीत की नाही ते सांगा.

खालचा_प्लॅटफॉर्म

पैसे वाचवायला? फ्लॅटसोबत बळेच गळ्यात मारली. करारनाम्यात फक्त 'एक पार्किंग'. वर, खाली, हवेत की पाण्यात, काही नाही.

कायद्याचं_बोला

इथे थांबावंच लागतं. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये दहिसरच्या एका सोसायटीच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की उघडी आणि स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. आणि २०२४ मध्ये महारेराने पार्किंगची लांबी, रुंदी, उंची, नेमकी जागा करारनाम्यात लिहायला लावली. तुमचा करार त्याआधीचा असणार.

खालचा_प्लॅटफॉर्म

आधीचाच. नशीब.

मॅनेजिंग_कमिटी

कोर्टाचे निकाल सांगणाऱ्यांनी एकदा पार्किंगवाटपाची सर्वसाधारण सभा चालवून दाखवावी. शनिवारी संध्याकाळी. चहा-समोसा मी देतो.

नौपाडा_काकू

आमच्याकडे तर पार्किंगच नाही, तीस वर्षं गाडी रस्त्यावर, आणि रोज कोणीतरी पुढे स्कूटर लावून जातो. तुम्हाला निदान वर टांगायला जागा आहे.

चहा_कमी_साखर

काकूंनी सगळ्यांना गप्प केलं. आता चाव्यांकडे वळूया का?

खारघर_कोडर

वळतो. वायरमन म्हणतात लोकांना हे सांगू नका, चोर शिकतील. चोर तुमच्या परवानगीची वाट बघत बसलेत का? चावीत बसणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४० बिटवाल्या चिपचं कोडं संशोधकांनी २००५ मध्येच सोडवलं. असंख्य गाड्यांत असलेली हायटॅग-२ ही दुसरी चिप २०१२ मध्ये काही मिनिटांत फुटते असं दाखवलं. मेगामोस या तशाच आणखी एका चिपवरचा निबंध छापू नये म्हणून फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टातून मनाई आणली. २०१५ मध्ये तो एक वाक्य वगळून छापून आलाच. दोन वर्षांत कोणाचं भलं झालं? ज्यांच्या दारात त्या गाड्या उभ्या होत्या त्यांना कळलंसुद्धा नाही. लपवाछपवी म्हणजे सुरक्षा नव्हे.

वागळेचा_वायरमन

खारघरवाले, 'सांगू नका' असं मी कुठे लिहिलंय? वाक्य दाखवा. मी म्हटलं अर्धवट सांगू नका.

आणि कुलूप फुटतं म्हणून कुलूपच नको, हे मला पटत नाही. अमेरिकेत ह्युंदाई-कियाच्या २०११ ते २०२१ मधल्या बऱ्याच साध्या मॉडेलना इमोबिलायझरच नव्हता. पोरांनी यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवून गाड्या पळवल्या, व्हिडिओ टाकले, शेवटी २०२३ मध्ये कंपनीला सॉफ्टवेअरचा उपाय फुकट द्यावा लागला. तुमची ती फुटकी चिप असती तरी त्या पोरांचं काही चाललं नसतं. तुमचे संशोधक वेगळे आणि स्टेशनबाहेरचा भुरटा वेगळा. सामान्य माणसाची गाडी भुरटाच नेतो.

खारघर_कोडर

भुरट्याकडे डॉक्टरेट नसते, पण ऑनलाइन मागवलेलं यंत्र असतं. असो. कुलूप काढा असं मीही म्हणालो नाही, वाक्य दाखवा.

पामबीच_पक्या

सगळे सुरक्षेवर व्याख्यान देताय, पण उपाय कोणी सांगितला? शोरूम लुटतं, घरी करू नका, चावीवाल्याला वॉचमन अडवतो. मग गाडी काय उचलून विसर्जन घाटावर न्यायची?

वागळेचा_वायरमन

सांगतो. अमेरिकेत नोंदणीकृत चावीवाल्यांना कंपन्यांकडून चावीचा कोड सरळ मार्गाने मिळतो आणि कोणी कुठल्या गाडीचा कोड मागितला याची नोंद राहते. मालकी तपासायची जबाबदारी त्याची, गफलत केली तर नोंदणी जाते. तसं इथे आलं तर पहिला अर्ज माझा. तोवर बाहेरचा चावीवाला जरूर गाठा, पण दुकान असलेला, पावती देणारा. समोर उभं राहून त्याला 'सगळ्या नोंदी पुसून नव्याने टाक' म्हणा, आणि दोन चाव्या करून घ्या. काम चालू असताना बॅटरी उतरली तरी गोंधळ होतो, म्हणून तो चार्जर लावतो का बघा. लावत नसेल तर उठून या.

आणि ज्यांना घरी करायचंच आहे त्यांनी पक्यांसारखी चिप काढून वाचावी. हो, लिहिलं. पक्यांचं सोल्डरिंग चांगलं असणार. चिकाटीही आहे. 'कोणालाही जमेल' हे दोन शब्द सोडले तर पोस्ट वाईट नव्हती.

तिसऱ्यांदा विचारतो: जुन्या चाव्या उडवल्या का?

पामबीच_पक्या

प्रमाणपत्राबद्दल आभारी आहे, फ्रेम करून लावतो.

नाही उडवल्या. फाइलमध्ये चाव्यांच्या जागा दिसत होत्या, रिकाम्या जागेत नवी टाकली, जुन्यांना हात लावला नाही. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात कोण पुसत बसतो? या शनिवारी डबा परत काढतो. पोस्टमधला फोटो आणि स्टेशनचं नाव काढलंय. २२ हजारांचा आकडा मात्र तिथेच राहील, मोठ्या अक्षरांत.

वागळेचा_वायरमन

राहू द्या की. आणि शनिवारपर्यंत गाडी रस्त्यावर लावणार असाल तर स्टिअरिंगला साधं लोखंडी कुलूप घाला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

खालचा_प्लॅटफॉर्म

माझ्या रिक्षाच्या पैशांचं काय झालं?

मॅनेजिंग_कमिटी

सर्वसाधारण सभेत विषय घ्या.