आइसलँड : विमान कुठून घ्यावं आणि मध्ये कुठे थांबावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. गणपती विसर्जन झालं की मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं) आइसलँडला जाणार आहोत. घटस्थापनेच्या आत घरी परत. घर नाशिकला, विमान मुंबईहून. थेट विमान नाही हे माहीत आहे. सासूबाईंना सलग प्रवास झेपणार नाही, म्हणून जाताना मध्ये दोन रात्री कुठेतरी थांबायचं आहे. विमानाचं बजेट माणशी ८५ हजार, ते वाढणार नाही. सापडलेले पर्याय :

अ) मुंबई–फ्रँकफर्ट–केफ्लाविक (आइसलँडचा विमानतळ), एकाच तिकिटावर. माणशी ९८ हजार. मुक्काम नाही, दोन तासांचा ट्रान्झिट.
ब) आखातातून कोपनहेगन, तिथे दोन रात्री, पुढे केफ्लाविकचं वेगळं तिकीट. सगळं मिळून ८१ हजार.
क) मुंबई–लंडन–केफ्लाविक. ७६ हजार. लंडनला नणंद राहते.

जाणकारांनी सांगावं. आइसलँडमध्ये काय बघायचं ते ठरलेलं आहे, प्रश्न फक्त विमानाचा आहे.

बिनधास्त बंडू
अ. डोळे झाकून अ. ९८ हजार म्हणजे काहीच नाही. आम्ही याच मार्गाने गेलो, तेही बिझनेसने, सपाट झोपून. फ्रँकफर्टच्या लाउंजमध्ये नाश्ता केला आणि दुपारी आइसलँडमध्ये हॉट डॉग खाल्ला. आयुष्यात एकदाच जाणार, तिथे काय पैसे मोजत बसायचं?

बॉस्टनकर
आइसलँडएअरचा स्टॉपओव्हर घ्या! अमेरिका-युरोप तिकिटावर आइसलँडमध्ये सात रात्रींपर्यंत थांबा, विमानभाडं जास्त पडत नाही. आम्ही बॉस्टनहून पुण्याला येताना दर वेळी विचार करतो. बॉस्टनहून केफ्लाविक जेमतेम साडेपाच तास.

निवांत
साहेब, त्या नाशिकहून निघतायत. बॉस्टनला आधी पोचवा त्यांना.

अण्णा_सदाशिव
म्हणजे ऐन पितृपक्षात समुद्रापार जाणार? असो, आपापली श्रद्धा.
पण ज्वालामुखीचा विचार केलाय का? एप्रिल २०१० मध्ये तिथल्या त्या उच्चारता न येणाऱ्या डोंगराने राख ओकली आणि निम्म्या युरोपची विमानं जवळजवळ आठवडाभर जमिनीवर. मी ॲमस्टरडॅमला अडकलो होतो. विमान कंपनीने (नाव घेत नाही) एक सँडविच दिलं आणि फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून मी विमानात बसताना बॅगेत चिवडा ठेवतो.

एक_तिकीट
अण्णा, दोन ज्वालामुखींत फरक आहे. २०१० चा स्फोट हिमनदीखाली झाला. वितळलेलं पाणी आणि लाव्हा एकत्र आल्याने लाव्ह्याचा बारीक चुरा झाला आणि वर उडाला. डिसेंबर २०२३ पासून ग्रिंडाविक गावाजवळ जे उद्रेक होत आले ते जमिनीला भेग पडून, राख फारच कमी. विमानतळ तिथून जवळ असूनही चालू राहिला, ब्लू लगून हे गरम पाण्याचं तळं मात्र बऱ्याचदा बंद ठेवावं लागलं.

आणि सँडविचचं म्हणाल तर युरोपीय नियम २६१ नुसार नैसर्गिक संकट असलं तरी जेवण आणि हॉटेल विमान कंपनीनेच द्यायचं असतं. भरपाई मिळत नाही, मुक्काम मिळतो. आइसलँडलाही हा नियम लागू आहे.

आता मूळ प्रश्न. ब मध्ये दोन वेगळी तिकिटं आहेत. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीचा संबंध नाही, नवीन तिकीट तुमच्या खिशातून. मध्ये दोन रात्री असल्या की ही भीती जवळजवळ संपते. म्हणून जाताना ब ठीक. येताना काय? येताना मुक्काम नसेल तर वेगळी तिकिटं घेऊ नका, किंवा एक रात्र मध्ये ठेवाच.

बिनधास्त बंडू
एवढी गणितं करण्यापेक्षा अ घ्या म्हणतो मी.

कोपनहेगनची माई
ब ला माझं मत. अर्थात मी इथेच राहते, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. विमानतळातूनच मेट्रो निघते, पंधरा मिनिटांत गावात, रात्रभर चालू असते. सगळीकडे लिफ्ट, सासूबाईंना जिना चढावा लागणार नाही. केफ्लाविकला दिवसातून अनेक विमानं, सव्वातीन तास. पासपोर्टची तपासणी इथेच होते, पुढचा प्रवास शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपीय देशांचा गट) आतला, त्यामुळे आइसलँडला उतरून थेट सामानाच्या पट्ट्याकडे.

व्हिसा मात्र आइसलँडचाच काढा. जिथे रात्री जास्त तिथला अर्ज करायचा असतो. कोपनहेगन आवडलं म्हणून इथल्या रात्री तिकडच्यापेक्षा वाढवल्या तर सगळं बदलेल. हॉटेलं महाग आहेत, ते ८५ मध्ये धरलंय का?

हिमटोपी
आइसलँडला आता जत्रा असते हो. फेरो बेटांवर जा. डेन्मार्कच्या हिर्त्सहाल्स बंदरातून नोरोना नावाची बोट निघते, फेरोच्या टोर्सहाव्नला थांबते आणि पुढे आइसलँडच्या सेय्दिसफ्योर्दुरला. स्वतःची गाडी बोटीत घालून नेता येते. विमान बिमान विसराल.

निवांत
नाशिकहून स्वतःची गाडी बोटीत? मुंबई-आग्रा हायवेने निघायचं का?

कोपनहेगनची माई
हिमटोपी, भारतीय पासपोर्ट असेल तर एक लक्षात ठेवा : फेरो बेटं शेंगेनमध्ये नाहीत. डेन्मार्कच्या व्हिसावर फेरोसाठी वैध असा वेगळा शेरा लागतो. नुसत्या आइसलँडच्या व्हिसावर टोर्सहाव्नला उतरता येत नाही. कोणी वाचून उगाच बोटीचं बुकिंग करेल म्हणून लिहिलं.

हिमटोपी
माझ्याकडे युरोपचा रहिवासी परवाना असल्याने कधी प्रश्न आला नाही. तरी फेरोच भारी.

थेम्सकाठ
क बद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. लंडनचं तिकीट स्वस्त दिसतं, पण भारतीय पासपोर्टवर हीथ्रोला नुसतं विमान बदलायचं, बाहेर पडायचंही नाही, तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल तर सहसा सूट असते. साध्या पर्यटक शेंगेन व्हिसावर ती सूट नाही. इथे पुष्कळ लोक फसतात, मुंबईलाच बोर्डिंग नाकारतात. बाहेर पडून नणंदेकडे राहायचं तर पूर्ण व्हिजिटर व्हिसा, तिघांचे पैसे धरले की ७६ चे ८५ च्या वर जातील. शिवाय गॅटविक किंवा ल्यूटनहून सुटणारी स्वस्त विमानं बघून हुरळू नका, हीथ्रोहून सामान ओढत तिथे जाणं हा एक स्वतंत्र प्रवास आहे.

आणि पासपोर्ट एकच असतो. आधी एक व्हिसा, तो हातात आला की दुसरा. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आत्तापासून लागा.

एक_तिकीट
+१. क बाद.

बिनधास्त बंडू
क बादच. म्हणून अ.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. बंडूभाऊ, बजेट ८५ आहे हो. अ मध्ये मुक्काम नाही हीच अडचण आहे. सासूबाईंना दोन तासांत फ्रँकफर्ट झेपेल का?

एक_तिकीट
व्हीलचेअर मागा. युरोपात ती फुकट असते, विमान सुटण्याच्या किमान ४८ तास आधी कळवावं लागतं. तिकीट काढतानाच नोंदवा. पासपोर्टच्या रांगेतूनही तेच लोक पुढे नेतात, सोबतचेही सुटतात.

बिनधास्त बंडू
दोन तास भरपूर झाले. आम्ही तर पन्नास मिनिटांत पळत गेलो.

निवांत
गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना पळायला सांगताय?

वाऱ्यावरचा
विमानाचं बाजूला ठेवा. भाड्याच्या गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. आमच्या गाडीचं दार वाऱ्याने उलटं फिरवलं, बिजागरीसकट. एवढा विमा काढला होता, त्यात वाऱ्याने गेलेलं दार बसत नव्हतं. दंड ऐकून बायको तिथेच दगडावर बसली. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून गाडी उभी करायची, हे नंतर एका पेट्रोल पंपावरच्या आजोबांनी सांगितलं. पंपावर कार्डाचा पिन लागतो, तोही पाठ ठेवा.

पोटोबा
खायचं काय नेणार? तूप, पेढे, श्रीखंड नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, आणि हे पहिल्याच विमानतळावर लागू होतं. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कोरड्या चटण्या न्या. तिथे बोनुस नावाचं दुकान आहे, पाटीवर गुलाबी डुक्कर, घाबरू नका, किराणा स्वस्त मिळतो. स्कीर घ्या, चक्क्याच्या जवळ जातं. वेलची घरून नेली तर श्रीखंड तिथेच होतं.

अण्णा_सदाशिव
पितृपक्षात श्रीखंड?

निवांत
अण्णा, चिवडा खा.

सुगरणपक्षी
परतीच्या विमानाची वेळ बघितली का कोणी? आइसलँडहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं सकाळी सात-साडेसातच्या सुमारास सुटतात. अमेरिकेहून पहाटे येणाऱ्यांना पुढे न्यायचं, असं त्यांचं वेळापत्रक बसवलेलं आहे. विमानतळ रेक्याविकपासून पन्नास किलोमीटर, बसने पाऊण तास. म्हणजे सासूबाईंना रात्री तीनला उठवणार. शेवटची रात्र केफ्लाविक गावातच काढा. गाव कंटाळवाणं आहे, पण झोप होते.

वाऱ्यावरचा
याला दुजोरा. आणि पोचल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळच ड्युटी फ्री दुकान आहे. तिथले लोकसुद्धा बाहेर पडण्याआधी तिथेच बाटल्या भरून घेतात. बाहेर दारू सरकारी दुकानात, भाव विचारू नका.

बॉस्टनकर
स्वस्त विमान कंपन्यांच्या मागे लागू नका. वॉव एअरने डिसेंबर २०१८ मध्ये दिल्लीहून थेट आइसलँड सुरू केलं होतं, मार्च २०१९ मध्ये कंपनीच बंद. मग प्ले आली, तीही सप्टेंबर २०२५ मध्ये एका सकाळी बंद. जुन्या लेखांत या दोघींची शिफारस अजून सापडते. मी म्हणतो आइसलँडएअर घ्या, सात रात्री...

निवांत
...विमानभाडं न वाढवता. पाठ झालं.

एक_तिकीट
बॉस्टनकरांचा मुद्दा या वेळी बरोबर आहे. ब मधलं दुसरं तिकीट क्रेडिट कार्डानेच काढा. कंपनी बुडाली तर निदान बँकेकडे दाद मागता येते. माझा अंतिम सल्ला : जाताना ब, येताना केफ्लाविक ते मुंबई एकाच पीएनआरवर. एका बाजूचं तिकीट कधी कधी जास्त महाग पडतं, म्हणून दोन वेगवेगळ्या शहरांचं परतीचं तिकीट शोधा, मुंबई ते कोपनहेगन आणि केफ्लाविक ते मुंबई असं टाकून.

कोपनहेगनची माई
आल्यावर कळवा, वरणभात माझ्याकडे.

गोदाकाठ
मंडळी, काल तिकिटं काढली. क घेतला.

थेम्सकाठ, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. व्हिसाचा खर्च, दोनदा पासपोर्ट देणं, सगळं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला तो बर्फ बघायचाच नाही. तुम्ही म्हणालात म्हणून हो म्हटलं. मला माझ्या लेकीकडे सोडा आणि तुम्ही दोघं जा." नवरा थक्क. आता त्या लंडनला नणंदेकडे राहणार, आम्ही दोघं हीथ्रोहून केफ्लाविक, आणि परत लंडनहून तिघं मुंबईला. त्यांना फक्त इंग्लंडचा व्हिसा. आमचे दोन. दोघांचं विमान आणि जादा व्हिसा धरून माणशी ८५ च्या थोडं वर गेलं, पण सासूबाईंचं आइसलँडचं विमान, हॉटेल आणि शेंगेनचं शुल्क वाचलं, म्हणून एकूण खर्च कमीच झाला.

थेम्सकाठ
परतीला केफ्लाविक ते हीथ्रो आणि हीथ्रो ते मुंबई वेगळी तिकिटं आहेत का? असतील तर मध्ये एक रात्र नणंदेकडे ठेवा.

गोदाकाठ
दोन रात्री ठेवल्या आहेत. तेवढं या धाग्यातून शिकले.

बिनधास्त बंडू
फ्रँकफर्टच घ्यायला हवं होतं. बघा, पटेल.

कोपनहेगनची माई
आता वरणभाताचं काय करू?

कुसुमाग्रही
पूर्ण धागा वाचला नाही. डिसेंबरात जायचं आहे, बजेट ६० हजार, कोपनहेगन की फ्रँकफर्ट?

बॉस्टनकर
आइसलँडएअरचा स्टॉपओव्हर बघितलात का?