देवळाच्या सभामंडपात हठयोगाचा वर्ग सुरू करायचाय, तयारी काय करावी?

खाडीकाठ (गुहागर)
रोजचा सराव नीट बसलाय, आता शिकवायचं आहे. पण जिममधला 'योगा' नको, हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथाच्या वाटेने जाणारा हठयोग हवा. प्रमाणपत्र कुठलं घ्यावं आणि पहिल्या महिन्यात काय घ्यावं? इथे सर्दीवाले बरेच, म्हणून पहिल्याच आठवड्यात कपालभाती आणि जलनेती (मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं) घ्यावी असा विचार आहे.

माडबन
प्रमाणपत्रासाठी आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा द्या. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असतं. संस्थेत राहून शिकायचं तर लोणावळ्याचं कैवल्यधाम, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेलं.

मात्र खरा कस वर्गात लागतो. समोरच्याचा श्वास कुठे अडला ते दिसायला हवं. भुजंगासनात खांदे कानांपाशी गेले की मान आखडते, श्वास वरच्यावर चालतो आणि सगळा ताण कंबरेवर येतो. तेव्हा "अजून वर" म्हणू नका. कोपरं वाकवून अंगाला लावायला सांगा, बेंबी जमिनीला टेकू द्या. छाती कमी उठली तरी चालेल.

हठप्रदीपिकेत आसनं पंधराच, त्यांतली बरीचशी बैठकीची. तेव्हा महिन्याला सात-आठ पुरेत. तासाभरात ओंकार ५ मिनिटं, सांधे मोकळे करणं १०, आसनं २५, श्वसन १०, शवासन १०. वेळ कमी पडला तर आसन गाळा, शवासन नको. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, इतक्यात नाहीच. पूरक (श्वास आत घेणं) ४ मात्रा म्हणजे चार मोजेपर्यंत, रेचक (बाहेर सोडणं) ८. रेचकानंतर श्वास हिसक्याने आत येत असेल तर झेपत नाहीये, ३ आणि ६ वर या.

वेंगुर्लेकर
माडबन यांच्याशी सहमत. कपालभातीची घाई नको. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण, पोटाचं अलीकडचं ऑपरेशन हे आधी एकेकाला बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत बायका सांगत नाहीत.

जलनेती सरसकट सगळ्यांना नकोच. मेद-कफ जास्त असेल त्याने षट्कर्मं (नेतीसारख्या सहा शुद्धिक्रिया) करावीत, इतरांनी करू नयेत, असं हठप्रदीपिकाच सांगते. ज्यांना द्याल त्यांना अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून जरा कमी. पाणी उकळून कोमट केलेलंच. विहिरीचं कच्चं पाणी नाकात मुळीच नको, त्यातला अमीबा क्वचित का होईना पण जिवावर बेततो. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्यात मापाने मीठ घातलं की प्रमाण चढतं आणि नाक झोंबतं, म्हणून गोड्या पाण्याचीच विहीर बघा. मीठ कमी पडलं तरी झोंबतंच.

नंतर कंबरेत वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके उच्छ्वास. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे जातं आणि दडे बसतात. नाक पूर्ण चोंदलेलं असेल त्या दिवशी नेती नाही.

खाडीकाठ
आभार. कपालभाती पुढे ढकलतो. पावसाळ्यात वर्ग चालू ठेवावा का?

माडबन
ठेवा. लादीला ओल सुटते, पाय सरकतात, म्हणून जाड सतरंजी घाला आणि ती उन्हं पडली की वाळवा, नाहीतर बुरशी धरते. भातलावणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर धरलेली असते, तेव्हा पश्चिमतान (बसून पुढे वाकायचं आसन) बंद. मकरासन (पालथं पडून विसावा) आणि मार्जारासन (हातापायांवर राहून मांजरासारखी पाठ वर-खाली करणं) घ्या. संध्याकाळचा वर्ग असेल तर दुपारच्या भातानंतर चार तास जाऊ द्या.