अनुभव धागा: भटकंतीच्या फोटोंचं भिंतीवरचं कॅलेंडर

सह्याद्रीत काढलेले फोटो कॅलेंडरवर छापून घेणाऱ्यांसाठी हा धागा. फोटोची निवड, कागद, छपाई, तारखा, यातलं जे नेमकं ठाऊक असेल ते लिहा. कुठे बिघडतं आणि का, तेही लिहा.

कातळवाट
फोटो त्या त्या महिन्याचाच हवा. पान उलटलं की खिडकीबाहेरचा ऋतू भिंतीवर दिसला पाहिजे, कॅलेंडरची सगळी गोडी त्यातच आहे. जानेवारीला भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), मार्चला पळस किंवा पांगारा, मेअखेरीसाठी भंडारदऱ्याचे काजवे, जुलैला नाणेघाटात वाऱ्याने उलटं उडणारं पाणी, सप्टेंबरला कास. कासचा फोटो निवडतानाही अंतराचा विचार करा. सोनकीचं पिवळं आणि तेरड्याचं गुलाबी लांबून भरगच्च दिसतं. सीतेची आसवं मात्र नखाएवढी. त्यांचा गालिचा आठ फुटांवरून नुसता जांभळा धूर वाटतो. तिथे एकच देठ जवळून घ्या, मागचं सगळं धूसर राहू द्या, म्हणजे ओठासारखी खालची पाकळी भिंतीवरही ओळखू येते.

शाईदौत
१३ × १९ इंची शीटमधून १२ × १८ चं उभं पान कापून निघतं. वर १२ × ८ चा आडवा फोटो, खाली १० इंच तारखांना. कॅमेऱ्याची चौकट ३:२ असते, त्यामुळे फोटो न कापता बसतो. मोबाइलचा ४:३ फोटो १२ इंच रुंद केला की उंची ९ होते. तो जास्तीचा इंच वरून उडवला तर नेमकं गडाचं टोक जातं, म्हणून कुठून कापायचं ते स्वतः ठरवा, छापखान्यावर सोडू नका.

इंचाला ३०० ठिपके धरले तर रुंदीला ३६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो १६०० च्या आसपास उरतो, म्हणजे इंचाला १३३. गवताची पाती तिथे चिखलासारखी एक होतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जास्तीचा फोटो, ठेवा, नाहीतर कटिंग जरा सरकलं की पांढरी रेघ दिसते.

रंगांचं दुखणं वेगळं. पावसाळी पोपटी आणि कारवीचा निळा-जांभळा चार शाईंत पुरता उतरतच नाही. फोटो सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलून आधी पडद्यावर बघा आणि पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा. काजव्यांच्या फोटोत झाडांच्या सावल्या थोड्या उचला; कागदाला मागून उजेड नसतो, काळं तिथे ठार काळं होतं. तारखांचा काळा फक्त काळ्या शाईचाच ठेवा. चारही शाई मिसळल्या आणि एखादी केसभर सरकली तरी आकड्याला रंगीत कड येते.

दुधाचा हिशेब
चकचकीत कागद नको. समोर ट्यूबलाइट असली की फोटोऐवजी तीच दिसते. १७० जीएसएम (चौरस मीटरला १७० ग्रॅम) मॅट आर्ट पेपर घ्या. त्यावर लॅमिनेशन करू नका, बॉलपेन घसरतं. दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिता येत नसेल तर ते कॅलेंडर कसलं! वायरोसाठी, म्हणजे पानं बांधणाऱ्या तारेच्या कड्यांसाठी, वर १५ मिमी जागा मोकळी ठेवा, नाहीतर भोकं आभाळातल्या घारीवर पडतात.

पंचांगप्रेमी
गेल्या वर्षीच्या फाइलवर नवीन वर्ष चढवताना फार चुका होतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला. म्हणजे गणपतीचा फोटोही पान बदलतो. रविवारपासून ओळी मांडल्या तर २०२६ च्या फेब्रुवारीला नेमक्या चार लागतात, मे आणि ऑगस्टला सहा. साचा पहिल्यापासून सहा ओळींचाच करा.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी तिथी तिथल्या सूर्योदयावरून घ्या. न्यू जर्सीत सूर्य आपल्यानंतर कितीतरी तासांनी उगवतो, तोवर पुढची तिथी लागलेली असू शकते, त्यामुळे एकादशी तिथे कधीकधी एक दिवस आधी येते. आणि पाठवताना गुंडाळून नळीत घालू नका, वायरो चेपते आणि पानं उलटताना अडकतात. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधा.