'शनिवारपर्यंत थांबतो' म्हणाले आणि गुरुवारी फ्लॅट विकला: ही फसवणूक आहे का?

जुना पिंपळ:
अवंती2 यांनी काल लिहिलं की मालक 62 लाखांना फ्लॅट द्यायला तयार होते, 'शनिवारपर्यंत तुमच्यासाठी थांबतो' म्हणाले आणि गुरुवारी फोन करून 'दुसऱ्याला दिला' म्हणून मोकळे झाले. खाली सगळ्यांचा एकच सल्ला, केस ठोका. तो वाचून राहवलं नाही. कशाच्या जोरावर ठोकणार? 1872 च्या करार कायद्याचं कलम 5 सरळ आहे, समोरच्याचा होकार रवाना होईपर्यंत देकार, म्हणजे विक्रीचा प्रस्ताव, मागे घेता येतो. कायद्यातलं उदाहरणही घरविक्रीचंच आहे: होकाराचं पत्र टपालात पडेपर्यंत मालक मोकळा, पडलं की बांधला गेला. तुम्ही गुरुवारपर्यंत होकार दिलाच नव्हता. आणि थांबण्याचं वचन फुकटचं, म्हणजे मोबदल्याशिवायचं होतं; म्हणून ते बांधत नव्हतं. पाच-दहा हजार मोजून मुदत लिहून घेतली असती तर तो स्वतंत्र करार झाला असता.

अवंती2:
फुकटचं? दोन रजा गेल्या, बँकेची फी भरली, सासऱ्यांची ठेव मोडली. सगळं त्यांच्या शब्दावर. कायदा त्यांच्या बाजूने असेल, म्हणून ते बरोबर ठरत नाहीत.

जुना पिंपळ:
वाईट वाटलं, मनापासून. पण ती फी बँकेला गेली, मालकाने मागितली नव्हती. तो मोबदला होत नाही.

निफाडची माती:
फ्लॅटवाल्यांना एकदाच चटका बसतो, आम्हाला दर हंगामात बसतो. कांद्याच्या लिलावात क्विंटलला 1,850 ची बोली झाली, ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेली, निम्मा कांदा उतरल्यावर त्याने वांधा काढला, माल खराब म्हणून. म्हणे 1,400 घे, नाहीतर भरून ने. संध्याकाळचे सात, ट्रॅक्टर भाड्याचा. काय करणार होतो? घेतले. तुमचं कलम तेव्हा कुठे होतं?

गाळा नंबर सात:
हेही सांगा की ट्रॉलीत वर निवडक माल आणि खाली गोल्टी म्हणजे बारका कांदा, जोड कांदा भरलेला असतो. बोली वरचा थर बघून लागते. आम्ही व्यापाऱ्यांनी नुकसान का सोसायचं?

निफाडची माती:
माझ्या ट्रॉलीत खाली काय होतं ते तुम्ही पाहिलंत? सगळ्या शेतकऱ्यांना चोर ठरवायचं काम नाही. माल खराब असेल तर असे वाद सोडवणाऱ्या बाजार समितीच्या वांधा समितीपुढे चला. खळ्यावर एकट्याला गाठून भाव पाडू नका.

गाळा नंबर सात:
समितीपुढे जायला माझी ना नाही. खळ्यावर भाव पाडणारे आमच्यात आहेत, हेही मान्य. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

जुना पिंपळ:
कांदा वेगळा विषय आहे, तरी सांगतो. 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 64 म्हणतं, लिलाव पुकारून पक्का होईपर्यंत बोली मागे घेता येते. पुढे नाही. खळ्यावरचा वांधा म्हणजे देकार मागे घेणं नव्हे, झालेला सौदा मोडणं आहे. इथे निफाडवाल्यांशी मी पूर्ण सहमत.

नुसता वाचक:
आणि अवंतीताईंनी बुधवारी फोनवर 'घेतलं' म्हटलं असतं तर?

जुना पिंपळ:
तर चित्र पालटलं असतं. अहमदाबादचे व्यापारी आणि खामगावची जिनिंग गिरणी यांचा सरकी पेंडीचा सौदा फोनवर झाला होता. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फोनवर टपालाचा नियम नाही, होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला. मालकाने होकार ऐकला असता तर गुरुवारी माघार नव्हती. सिद्ध करणं मात्र जड गेलं असतं.

साडेतीन खोल्या:
पैसे मोजून मुदत लिहून घ्या म्हणणं सोपं आहे. माझं कर्ज नामंजूर झालं आणि मालकाने विसाराचे 1 लाख गिळले. एजंट फोन उचलेना. त्याबद्दल कोणी बोलत नाही!

जुना पिंपळ:
विसारपावतीत काय लिहिलं होतं?

साडेतीन खोल्या:
रक्कम आणि तारीख. बस.

अवंती2:
केस टाकत नाही. ते चुकीचंच वागले, यावर मात्र ठाम आहे. रविवारी दुसरं घर बघायला जातेय. पावतीत काय लिहून घेऊ?

जुना पिंपळ:
किंमत, कोणत्या तारखेपर्यंत दुसऱ्याला देणार नाही ते, कर्ज नामंजूर झाल्यास विसार किती दिवसांत परत ते, आणि दोघांच्या सह्या. पैसे चेकनेच द्या.