गणपतीचा कार्यक्रम आणि आपल्या बँडमधील गिटारची जागा

ए-३०२ : सर्वांना नमस्कार. काल रात्री आपल्या बँडच्या गिटारवादकाने मला जिन्यात थांबवून सांगितले, की पुढच्या सोमवारी तो पुण्याच्या नोकरीवर रुजू होत आहे आणि यापुढे रविवारच्या सरावाला येणे त्याला जमणार नाही. गणपतीला सहा आठवडे उरले आहेत. गेल्या वर्षी कीबोर्डच्या वेळी आपण शेवटच्या आठवड्यापर्यंत गप्प राहिलो आणि मग स्टेजवर काय झाले, ते सर्वांच्या लक्षात आहे. तसे पुन्हा होऊ नये, म्हणून हा विषय आजच मांडतो आहे.

बी-२०४ : काका, त्याने हे मलाही सांगायला हवे होते. तीन वर्षे मी त्याच्या शेजारी बसून ड्रम वाजवतो आहे आणि मला ही बातमी ग्रुपवर कळते. असो, नोकरीबद्दल त्याचे अभिनंदन.

सी-४०४ : माझा मुद्दा सरळ आहे. हॉलमधील अँप्लिफायर सर्व सभासदांच्या वर्गणीतून घेतला आहे, त्यामुळे नवा गिटारवादक सोसायटीतलाच असावा.

ए-३०२ : आपला मुद्दा समजला. पण आधी एक गोष्ट सविस्तर सांगू द्या. मी बँकेच्या ऑर्केस्ट्रातून आलो, दादा वरातीच्या बँडमधून, सर भजनी मंडळातून आणि गिटारवाला कॉलेजच्या बँडमधून. इतर बँडमध्ये नाव मिळवलेले वादक एकत्र आले की त्याला सुपरग्रुप म्हणतात. आपले नाव लहान असेल, पण आपली घडण तीच आहे. १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये असाच ‘एशिया’ नावाचा बँड उभा राहिला. किंग क्रिम्सनमधून जॉन वेटन, येसमधून गिटारवादक स्टीव्ह हॉवे, ‘एमर्सन, लेक अँड पामर’मधून कार्ल पामर आणि बगल्स व येस असे दोन्ही करून आलेले जेफ डाउन्स. १९८२ चा त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. मी तो १९८३ साली आपल्या सोलापूरच्या नव्या पेठेतून कॅसेटवर भरून आणला होता आणि आजही त्यातील गिटारचा प्रत्येक तुकडा मला पाठ आहे. दोन अल्बमनंतर हॉवे बाहेर पडला. त्याच्या जागी क्रोकसचा मँडी मेयर आला. तो चांगला वादक होता, परंतु हॉवेच्या हातात जॅझ, कंट्री आणि शास्त्रीय गिटार यांचे जे मिश्रण होते, ते हार्ड रॉकमधून आलेल्या मेयरकडून कसे मिळणार? १९८५ चा तो तिसरा अल्बम पहिल्याच्या जवळपासही पोहोचला नाही आणि पुढे बँडच विस्कटला. म्हणून म्हणतो, कोणाला घ्यायचे हे ठरवण्याआधी, जो जातो आहे तो नेमके काय वाजवत होता, हे समजून घेऊ या.

डी-३०१ : नमस्कार काका. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि चार वर्षे गिटार वाजवतो आहे. तो मोबाइलवर बघून शिकला, त्याला गुरू नाही, हे मी आधीच सांगते. पण त्याची इच्छा आहे. तो स्वतः येथे लिहायला संकोचतो.

सी-४०४ : मुले हौशी असतात, ते ठीक आहे. माझ्या भाच्याने गेली पाच वर्षे मिरवणुकीत बँजो वाजवला आहे. तोही याच सोसायटीत राहतो. अँप्लिफायर वर्गणीतून घेतला आहे, हे मी पुन्हा नमूद करतो.

बी-२०४ : आपल्या भाच्याचा हात उत्तम आहे, यात शंका नाही. पण बँजोला बटणे असतात आणि गिटारला सहा तारा असतात. सहा आठवड्यांत एवढे अंतर कापता येणार नाही, हे आपणही जाणता.

बी-१०१ : मला कोणाच्याही हाताबद्दल काही म्हणायचे नाही. हॉलची भिंत माझ्या स्वयंपाकघराला लागून आहे. नवा माणूस आला की जुनीच गाणी पुन्हा पहिल्यापासून बसवली जातील आणि सराव दहापर्यंत चालेल, हे मी दोन वर्षे सोसले आहे. लाउडस्पीकरची वेळ रात्री दहापर्यंत आहे म्हणून रोज दहापर्यंत वाजवलेच पाहिजे, असे नव्हे.

सेक्रेटरी : वहिनींची तक्रार रास्त आहे. वेळेचा निर्णय कमिटी घेईल. कृपया गिटारच्या विषयावर बोलावे.

बी-२०४ : माझी सूचना अशी आहे, की यंदापुरता बाहेरचा अनुभवी वादक आणावा. विजापूर रोडला राहणारे एक ऑर्केस्ट्रावाले माझ्या ओळखीचे आहेत, हुतात्मा स्मृती मंदिरात त्यांनी अनेक कार्यक्रम केले आहेत. १९९३ मध्ये गिटारवादक रिची ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून ‘डीप पर्पल’ या बँडमधून गेला, तेव्हा बँडने ‘जो सॅट्रिआनी’ या गिटारवादकाला बोलावले. त्याने जपानचे कार्यक्रम पार पाडले, पुढच्या उन्हाळ्यात युरोपही केला आणि मग तो आपल्या कामाला परत गेला.

ए-३०२ : डीप पर्पल हा सुपरग्रुप नव्हे, दादा. तो दाखला येथे लागू होत नाही.

बी-२०४ : नावाने काय फरक पडतो, काका? दोन्हीकडे गिटारवादक गेला आणि कार्यक्रम ठरलेले होते. आणि पुढचे ऐका. सॅट्रिआनी गेल्यावर १९९४ मध्ये स्टीव्ह मॉर्स आला आणि तो २०२२ पर्यंत, म्हणजे ब्लॅकमोरपेक्षाही जास्त वर्षे त्या बँडमध्ये राहिला. अनुभवी माणसाने मधला काळ निभावला, म्हणून त्यांना कायमचा माणूस शांतपणे शोधता आला. आपण घाई का करावी?

ए-३०२ : फरक पडतो. सुपरग्रुपमध्ये प्रत्येकाचा हात आधीच घडलेला असतो आणि गाणी त्या हातांभोवती बसवलेली असतात. तरीही आपले म्हणणे मी मनावर घेतले आहे, राग नसावा.

ए-२०१ : कीबोर्डवरून मी लिहितो आहे. जागा भरलीच पाहिजे का, असा माझा प्रश्न आहे. १९८८ मध्ये जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, टॉम पेटी, जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन यांनी ट्रॅव्हलिंग विल्बरीज हा बँड काढला. पहिला अल्बम आला आणि त्याच डिसेंबरात ऑर्बिसन वारला. त्यानंतरच्या एका व्हिडिओत त्याच्या आवाजाची ओळ येते, तेव्हा डोलणाऱ्या खुर्चीत ठेवलेली गिटार दिसते. उरलेल्या चौघांनी १९९० चा अल्बम चौघांतच केला, पाचवा घेतला नाही. गिटारचे सूर मी कीबोर्डवर भरू शकतो.

डी-३०१ : सर, आपला आदर राखून सांगते, असला दाखला देऊ नये. मुलगा पुण्याला चालला आहे, हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन त्याच रात्री परत येता येते.

ए-२०१ : क्षमस्व, ताई. तसा अर्थ नव्हता.

सी-४०४ : मूळ मुद्द्याचे उत्तर अजून मिळालेले नाही. अँप्लिफायर वर्गणीतून, गिटारवादक सोसायटीतला.

ए-३०२ : डी विंगचा मुलगाही सोसायटीतलाच आहे, म्हणजे आपली अट पूर्ण होते. आता एशियाची उरलेली हकिगत सांगतो, कारण माझे मत तिच्यावरच बसले आहे. २००६ मध्ये ते मूळचे चौघे पुन्हा एकत्र आले. जानेवारी २०१३ मध्ये हॉवे येसला आणि स्वतःच्या कामाला वेळ देण्यासाठी दुसऱ्यांदा बाहेर पडला. या वेळी उरलेल्या तिघांनी मोठे नाव शोधले नाही. त्यांनी सॅम कोल्सन नावाचा तरुण घेतला, ज्याला जग ओळखतही नव्हते, आणि २०१४ मध्ये त्याच्यासह नवा अल्बम काढला. तिघांची पन्नाशी कधीच उलटली होती, पण त्यांनी आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाला शेजारी उभे केले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. म्हणून माझे मत डी विंगच्या मुलाला आहे. फक्त एक अडचण खरी आहे. गायिका वहिनींच्या पट्टीसाठी आपला गिटारवाला तारा अर्धा सूर उतरवून लावतो आणि कोणत्या गाण्यात काय वाजवायचे, हे त्याने कोठेही लिहिलेले नाही. ते सोमवारी त्याच्याबरोबर पुण्याला जाईल.

ए-१०३ : नमस्कार. मी सगळे वाचले. दादा, तुम्हाला आधी सांगायला हवे होते, चूक माझी आहे. तुमच्यासमोर बोलायला जीभ रेटेना, म्हणून काकांना गाठले. अकरापैकी आठ गाण्यांत कॉर्ड सोप्या आहेत, ते मी आज रात्री लिहून देतो. उरलेल्या तीन गाण्यांत उजव्या हाताचे काम आहे, ते समोर बसल्याशिवाय कळणार नाही. शनिवार आणि रविवार मी सोलापुरातच आहे. डी विंगच्या मुलाने गिटार घेऊन यावे, माझ्या जाड तारांचा जोड मी त्याला देतो, कारण सूर उतरवल्यावर बारीक तारा सैल पडतात. आणि सी विंगच्या काकांच्या भाच्यालाही पाठवा. आरतीनंतरच्या दोन गाण्यांत बँजो खरोखर शोभेल, हे मी गेल्या वर्षीच म्हणालो होतो.

सी-४०४ : त्याला पाठवतो.

बी-२०४ : मी रविवारी चारलाच येऊन ड्रम लावतो.

बी-१०१ : रविवारी साडेआठला थांबावे, ही विनंती. माझ्या मुलीची सोमवारी चाचणी आहे.

सेक्रेटरी : साडेआठची वेळ सर्वांना बंधनकारक राहील. हॉलची किल्ली सध्या कोणाकडे आहे?